बाजारबुणगे



मागच्या लेखानंतर बऱ्याच माजी सैनिकांनी विचारले, बेंगळुरूत पोस्टिंग झाली तर आता कुठले किल्ले दाखवणार? किल्लाच दाखवतो. पण त्याआधी घरातली एक गोष्ट सांगावी लागेल.

आमचे वडील, आबा, पायदळातून नाईक म्हणून निवृत्त झाले. ७१ ची लढाई पूर्वेच्या आघाडीवर लढलेले. मी भरती झालो आणि मला आर्मी सर्व्हिस कोअर मिळाली, म्हणजे रेशन, पेट्रोल, गाड्या, खेचरे यांचे खाते. पत्र घेऊन घरी आलो तेव्हा आबा ओसरीवर विडी ओढत बसले होते. त्यांनी पत्र वाचले, परत घडी घातली आणि म्हणाले, "आपल्या घरातला पहिला बाजारबुणगा."

ते हसतच म्हणाले होते. पण तो शब्द मला चांगला पंचवीस वर्षे पुरला. बुणगे म्हणजे फौजेबरोबर चालणारे न लढणारे लोक : दुकानदार, पोतनीस, तंबू ठोकणारे, बैल हाकणारे, बायकापोरे. पानिपतावर त्यांच्या भाराने आपली फौज बुडाली, असे आपण शाळेपासून ऐकतो. मराठीत त्यावरून शिवी तयार झाली. लढणारा तो मर्द आणि मागून पोती घेऊन येणारा तो बुणगा.

या मे महिन्यात आबा गावाहून आमच्याकडे आले. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, पण किल्ला म्हटले की उठून बसतात. दोन दिवसांची रजा टाकली आणि आबांना, आमच्या मंडळींना आणि थोरल्याला घेऊन श्रीरंगपट्टणला गेलो. बेंगळुरूपासून साधारण १२५ किलोमीटर. नव्या रस्त्याने दोन तासांत पोहोचतो.

निघताना आबांना एक गंमत सांगितली. ज्या छावणीत आम्ही राहतो, ती श्रीरंगपट्टणच्या डासांमुळे वसली. १७९९ नंतर इंग्रजांनी आपली पलटण त्या बेटावर ठेवली. तिथे हिवतापाने माणसे मरू लागली, म्हणून १८०९ मध्ये छावणी उचलून बेंगळुरूला आणली. त्या मेलेल्या गोऱ्यांचे दफनस्थान अजून नदीजवळ आहे. आबा म्हणाले, "म्हणजे टिपूला मारलं आणि डासानं मारलं."

श्रीरंगपट्टण हे कावेरीतले बेट. पश्चिमेला नदीचे दोन फाटे होतात, पूर्वेला संगमावर परत एक होतात. मधले बेट साधारण ५ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद. पश्चिमेच्या टोकाला किल्ला. नदीच खंदक झालेली. रंगनाथस्वामींचे देऊळ किल्ल्याच्या आतच, आणि त्यावरूनच गावाचे नाव. सकाळी लवकर दर्शन घेतले. शेषावर पहुडलेला काळा देव, एवढा मोठा की नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावी लागते. इथून थोड्याच अंतरावर मशिदीचे दोन मिनार दिसतात. टिपूबद्दल आपल्याकडे आणि कर्नाटकातही दोन टोकांची मते आहेत. आज त्यात पडत नाही. मला दाखवायचे आहे ते वेगळे.

किल्ल्याच्या वायव्य कोपऱ्यात १९०७ साली उभारलेला एक स्तंभ आहे. ४ मे १७९९ रोजी दुपारी इंग्रजांनी तटाला पाडलेल्या खिंडारातून इथे हल्ला केला. पुढे जनरल बेअर्ड होता. हा माणूस याच गावात टिपूच्या कैदेत तीन-साडेतीन वर्षे बेड्या घालून होता. मुलाने विचारले, दुपारी का? भर उन्हात? आबांनी लगेच सांगितले, "जेवणाची वेळ. पहाऱ्यावर ढिलाई असते." बरोबर आहे. पण मी त्याला नदी दाखवली. मे महिन्यात खडक उघडे पडलेले, मधून पाण्याच्या धारा. पाऊस सुरू झाला की हीच नदी फौजेला अडवते. हल्ला करणाऱ्या जनरल हॅरिसला दोन घड्याळे दिसत होती : एक नदीचे, एक तांदळाचे. त्याच्या कोठारातला तांदूळ मेच्या सुरुवातीला संपत आला होता. आठ-पंधरा दिवस उशीर झाला असता, तर खिंडार पाडूनही परत फिरावे लागले असते.

हे मी नुसता तर्क म्हणून लिहीत नाही. याच बेटासमोरून, याच मे महिन्यात, आठ वर्षे आधी एक मोठी इंग्रज फौज उपाशी परत गेली होती. आणि तिला वाचवले ते आपल्या बाजारबुणग्यांनी. ती गोष्ट इथल्या कुठल्याही फलकावर मला दिसली नाही.

ऐका. १७९० मध्ये टिपूविरुद्ध तिघांची युती झाली : पेशवे, निजाम आणि कंपनी. आपल्याकडून परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके निघाले. भाऊंची फौज धारवाडच्या वेढ्यात अडकली. सप्टेंबर १७९० ला सुरू झालेला तो वेढा एप्रिल १७९१ च्या सुरुवातीला संपला. तोवर कॉर्नवॉलिसने मार्चमध्ये बेंगळुरूचा किल्ला घेतला आणि मेच्या सुरुवातीला तो श्रीरंगपट्टणकडे निघाला. टिपूने सरळ रस्त्यावरचा चारा जाळला होता, गावे रिकामी केली होती. म्हणून कॉर्नवॉलिस आडवाटेने कावेरीच्या काठाकाठाने आला. १५ मेला अरकेरे गावाजवळ त्याने टिपूला हरवले. लढाई जिंकली, पण पोट हरले. चारा नाही म्हणून बैल हजारांनी मेले. तोफा माणसांनी ओढायची वेळ आली. धान्य संपले. नदीला पाणी चढू लागले.

शेवटी कन्नंबाडी गावाजवळ त्याने किल्ला फोडायला आणलेल्या मोठ्या तोफा आपल्याच हाताने निकामी केल्या आणि २६ मेला बेंगळुरूची वाट धरली. जिंकलेल्या सेनापतीने आपल्या तोफा आपणच फोडायच्या! कुठल्याही तोफखान्याच्या माणसाला विचारा, काय वाटते ते.

वाट धरली त्याच दिवशी मेलुकोटेच्या बाजूला घोडेस्वार दिसले. इंग्रजांना वाटले टिपूचे. बंदुका सरसावल्या. मग कळले, हे पेशव्यांचे स्वार आहेत. भाऊ आणि हरिपंत यांच्या फौजा एका मजलेवर येऊन पोहोचल्या होत्या. टिपूच्या लोकांनी मधले जासूद इतके चोख अडवले होते की दोस्त इतका जवळ आहे याचा कॉर्नवॉलिसला पत्ताच नव्हता. चार दिवस आधी कळते, तर तोफा वाचल्या असत्या.

आणि मराठ्यांच्या मागे काय होते? बाजार. लमाणांचे तांडे, बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोणी. वाणी, सराफ, कापडवाले. आपल्या छावणीची रीत अशी की मुक्कामाच्या जागी आधी झेंडा रोवायचा आणि त्याच्या अंदाजाने बाजाराच्या रांगा लागायच्या. रोज नवे गाव, पण दुकान जिथल्या तिथे. उपाशी इंग्रज फौज त्या बाजारावर तुटून पडली. वाण्यांनी भाव असे चढवले की गोरे अधिकारी पुढे वर्षानुवर्षे त्याबद्दल कुरकुरत राहिले. पण पैसे मोजले आणि जगले. त्या उन्हाळ्यात कॉर्नवॉलिसने मराठ्यांना १२ लाख रुपये कर्जही दिले. पुढच्या फेब्रुवारीत तो पुरेशी रसद घेऊन परत आला, ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री टिपूच्या तळावर हल्ला झाला आणि मार्चमध्ये तह. टिपूने अर्धे राज्य दिले, ३ कोटी ३० लाख रुपये कबूल केले आणि दोन लहान मुले ओलीस दिली. आपल्याला तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख मिळाला.

हे सगळे मी आबांना गुंबजाच्या बागेत सांगितले. हैदर, त्याची बायको आणि टिपू तिथे एका घुमटाखाली आहेत. सावलीला बसलो होतो. सांगून झाल्यावर मी म्हणालो, "आबा, बाजारबुणग्यांनी वाचवली की नाही फौज?"

आबा नुसते हसले. "लेका, पंचवीस वर्षं ध्यानात ठेवलंस व्हय?"

खरे सांगतो, मला जिंकल्यासारखे वाटले. द्राक्षाच्या मळ्याला पाणी सुटल्यावर वाटते तसे. झोजीला बंद व्हायच्या आत वर माल चढवण्यासाठी आम्ही किती रात्री जागलो आहोत, हे ज्यांनी हिवाळ्याचा साठा केला आहे त्यांनाच माहीत. बर्फात अडकलेल्या पोस्टवर आमचे पीठ आणि रॉकेल पोहोचते, तेव्हा बातमी होत नाही. पोहोचत नाही तेव्हाच होते.

दुपारी दर्या दौलत बाग पाहिली. १७८४ मधला सागवानी महाल, भिंतींवर पोल्लिलूरच्या लढाईचे मोठे चित्र. मुलाला हत्ती आवडले. मी नेहमीच्या खोडीने त्या चित्रात बैल शोधत होतो. कारण म्हैसूरची खरी ताकद बैल होती. वडेयरांनी जोपासलेली ती जात हैदरने लष्करी ओझ्यासाठी वापरली आणि टिपूने त्या खात्याला अमृत महाल हे नाव दिले. चपळ, काटक, घोडदळाच्या मागे तोफ पळवणारे बैल. टिपू एका रात्रीत कुठून कुठे जायचा, त्याचे उत्तर त्या बैलांत आहे. टिपू पडल्यावर हे बैल आर्थर वेलस्लीच्या हाती आले. पुढे त्याने दख्खनमध्ये आपल्याविरुद्धच्या मोहिमांत वापरले ते हेच म्हैसूरचे बैल. असईला आपण तोफांत कमी नव्हतो.

चार वाजता रंगनतिट्टूला गेलो. किल्ल्यापासून तीन-चार किलोमीटरवर कावेरीत लहान लहान बेटे आहेत. जुन्या काळी बांध घातल्यामुळे पाणी अडले आणि ती तयार झाली. सलीम अली यांच्या सांगण्यावरून म्हैसूरच्या दरबाराने १९४० मध्ये त्याचे अभयारण्य केले. क्षेत्र एक चौरस किलोमीटरही नाही, पण पक्षी मोजू नका. बांबूच्या बेटांवर चित्रबलाक, उघड्या चोचीचे बलाक, चमचे, पाणकावळे. खडकावर मगर तोंड उघडे टाकून पडलेली. नावाडी नाव तिच्या इतक्या जवळ नेतो की आमच्या मंडळींनी माझा दंड धरला.

चित्रबलाकाची पिल्ले भर उन्हात घरट्यात होती. एक पक्षी पंख पसरून त्यांच्यावर सावली धरून उभा, आणि दुसरा आला तो पिल्लांपुढे मासे ओकून परत गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला. आबा बराच वेळ तेच बघत होते. म्हणाले, "एक पहाऱ्यावर, एक रेशनला."

मंड्याचा एक हवालदार माझ्या हाताखाली आहे. त्याने सांगून ठेवले होते, "साब, मेलुकोटे बघितल्याशिवाय येऊ नका." दुसऱ्या दिवशी आधी कन्नंबाडीच्या बाजूने गेलो. जिथे कॉर्नवॉलिसने तोफा फोडल्या, त्या भागात आता कृष्णराजसागर धरण आहे. १९११ ला काम सुरू झाले, विश्वेश्वरय्यांचे धरण म्हणून सगळे ओळखतात. जुने कन्नंबाडी गाव पाण्याखाली गेले. तिथे उभे राहून तोफा कुठे पुरल्या असतील असे मुलगा विचारत होता. मी पाण्याकडे बोट केले.

मेलुकोटे डोंगरावर आहे. आबांना योगनरसिंहाच्या पायऱ्या चढवणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही दोघे खाली कल्याणी तीर्थाच्या पायऱ्यांवर बसलो आणि पानावर पुळियोगरे खाल्ले. चिंचेचा तो भात इथला प्रसिद्ध. याच मुलखात मार्च १७७१ मध्ये त्रिंबकराव मामा पेठ्यांनी हैदरला मोती तलावाजवळ सपाटून हरवले, आणि तरी त्यांना श्रीरंगपट्टण घेता आले नाही. आणि वीस वर्षांनी इथूनच भाऊंचे स्वार उतरले.

तिथे मी आबांना गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. तो आदल्या दिवशी मी गाळला होता.

मार्क विल्क्स नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याने म्हैसूरचा इतिहास तीन खंडांत लिहिला. त्यात मराठ्यांच्या त्या बाजाराचे वर्णन आहे. विलायती कापड, काश्मिरी शाली, हिरे, चाकू, नाना देशांची नाणी. आणि त्याच यादीत एका गरीब खेड्यातल्या, लुटलेल्या पोरीच्या कानातला चांदीचा दागिना. विल्क्स आपला मित्र नव्हता, हे खरे. पण त्याच वर्षी पटवर्धनांच्या फौजेतल्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला, हेही खरे. शंकराचार्यांचा मठ! मूर्तीसुद्धा हलवली. स्वामींनी दाद मागितली ती टिपूकडे, आणि पुन्हा प्रतिष्ठापनेसाठी मदत पाठवली ती टिपूने. ती पत्रे १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख नरसिंहाचार यांना मठात सापडली. पुण्यालाही त्या लुटीची लाज वाटली. पण झाले ते झाले.

म्हणजे बाजाराने फौज वाचवली. आणि बाजारात आलेला माल कुठून आला, तेही त्याच बाजारात मांडलेले होते. रसदीचा माणूस म्हणून मला पहिली गोष्ट सांगायला आवडते. दुसरी गोष्ट सांगितली नाही, तर पहिलीही अर्धी राहते. आज माझ्या डेपोत येणाऱ्या प्रत्येक पोत्याला पावती असते, तारीख असते, सही असते. जवान चिडतात, "सुभेदार साब, एका पोत्याला किती कागद?" त्या कागदाचा अर्थ मला मेलुकोटेला नीट कळला. पावती नसलेले पोते कोणाच्या तरी घरातून उचललेले असते.

आबा बराच वेळ गप्प होते. पानावरचा भात तसाच. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "एक्काहत्तरला आमच्या प्लाटूनला दोन दिवस रेशन पोहोचलं नव्हतं. एका गावात शिरलो. माणसं पळून गेलेली. एका घरात मडकं होतं, तांदूळ भरलेलं. आम्ही शिजवून खाल्ला. सगळा."

मी काही बोललो नाही.

"निघताना मी मडकं पालथं घालून ठेवलं. धुऊन. का कुणास ठाऊक. खिशात दहा रुपये होते. ठेवायला पायजे होते."

हे त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते. आईलाही नाही. तेवढ्यात वरून मुलगा आणि आमची मंडळी धापा टाकत उतरली आणि बोलणे तिथेच थांबले.

परतताना चन्नपट्टणच्या अलीकडे चहाला थांबलो. आबा गाडीतून उतरले नाहीत. मी कप घेऊन खिडकीशी गेलो. कप हातात घेऊन ते म्हणाले, "तुमची गाडी दोन दिवस आधी आली असती, तर त्या घरातला तांदूळ राहिला असता."

म्हणून वाचकहो, श्रीरंगपट्टणला जाल तेव्हा खिंडार बघा, टिपू पडला ती जागा बघा, रंगनतिट्टूचे पक्षी तर बघाच. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा, मेचे ऊन वाईट असते. पावसात पाणी वाढले की नावा बंद असतात. पण एकदा मेलुकोटेच्या डोंगरावरून दक्षिणेकडे, कावेरीच्या बाजूला बघा. तिथून उपाशी फौज येत होती आणि इकडून बैल, गोण्या आणि माणसे जात होती. त्यांची नावे कुठेच नाहीत. ज्यांच्या घरातून त्यातले काही धान्य आले, त्यांचीही नाहीत.

माझ्या खात्यातल्या जुन्या मित्रांना एवढेच : पुन्हा कोणी बाजारबुणगा म्हणाला तर रागावू नका. चहा पाजा, आणि पावत्या नीट ठेवा.

जय हिंद.